दोन दुकानांचा एक नंबर

चाचांचं काही बरं झालं की माझ्या पोटात दुखायचं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले की वाचणाऱ्याला वाटायचं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. मी मोठ्या मनाचा नाही. लातुरात क्लासच्या गल्लीत आम्हा दोघांची इंटरनेटची दुकानं होती, मध्ये फक्त एक झेरॉक्सवाला आणि एक मेस. रोज सकाळी शटर वर करायच्या आधी मी त्यांच्या दारात चपला किती आहेत ते बघून घेत असे.

खरं तर धंदा आधी मी सुरू केला होता. पुण्यात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, काचेचं दार, निळे पडदे, सहा नवीकोरी मशिनं. भूकंपाला तेव्हा दहा-बारा वर्षं होऊन गेली होती आणि गाव पुन्हा भरात आलं होतं. गावोगावची पोरं-पोरी बारावीसाठी इथं येऊन पडायची, एकेका खोलीत चार-चार कॉट, आणि प्रत्येकाला ईमेल काढून पाहिजे असायची. मला वाटलं, आता आपल्याला मरण नाही. तर वर्षाच्या आत चाचांनी दुकान टाकलं. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, वेळेआधी निवृत्ती घेतलेली, शिक्षण दहावी नापास. तीन जुनी मशिनं, भिंतीला चुना, बसायला एक्स्चेंजमधून मोडीत निघालेलं उंच स्टूल. शर्टाच्या खिशाला पेन असतं तिथं टेस्टर. मला हसू आलं होतं. म्हटलं, दोन महिने.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. गल्ली त्यांना चाचा म्हणायची. घराणं निजामाच्या वेळेपासून गावातलं आणि पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्तीचं काम करणारं. आजोबा कुलपं करायचे, वडील सायकली, हे तारा. मला ते 'इंजिनिअरसाब' म्हणायचे. मी इंजिनिअर नव्हतो, त्यांनाही ते माहीत होतं, आणि तरी त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या दुकानात शिरणाऱ्याला या नाही, बसा नाही. पहिला प्रश्न एकच.

"कुठून?"

"बारावीला हाय, चाचा. रिपीट करून राहिलो."

"ते न्हाई विचारलं. आला कुठून?"

"कंधारहून."

"हां. आता बसा."

बसलं की मशिनावर पहिल्यांदा एक पांढरं पान यायचं. ते चाचांनी स्वतः बनवलेलं. इंग्रजी पुस्तकातले कोड एकेक अक्षर बघून, तीन महिने खपून. त्यावर चित्र नाही, रंग नाही, जाहिरात नाही. मधोमध एक ओळ, 'तुम्ही इथून आलात', आणि खाली टिंबं देऊन लिहिलेला मोठा आकडा. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला असतो तो नंबर. ज्या जोडणीवरून पान उघडाल तिचा नंबर ते पान तुम्हालाच दाखवणार, बस्स. गिऱ्हाइकानं तो नंबर, स्वतःचं नाव आणि वेळ लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहायची, मग पुढचं काम. दुकानातल्या तिन्ही मशिनांवर नंबर एकच यायचा, बदलायचा नाही. तरी रोज, प्रत्येकानं लिहायचा.

"चाचा, कालचाच नंबर आहे की," एखादी मुलगी म्हणायची.

"कालचा काल. आज आज हाय."

हा वेडेपणा कशापायी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. भूकंपानंतर आठवडाभर त्यांची ड्यूटी एका उद्ध्वस्त गावाबाहेरच्या तंबूत होती. टेबलावर एक फोन आणि समोर माणसांची रांग. "लोक फोन उचलायचे, इंजिनिअरसाब, 'मी हाय, मी जिता हाय' एवढं बोलायचे आन रडायला लागायचे. तेवढ्यात लाइन तुटायची. पलीकडचा बसला तिकडं मुंबईत डोकं धरून. कोण जितं हाय? कुठं हाय? कोणत्या गावात जाऊन शोधायचं? मग मी रांगेत उभं राहूनच सांगू लागलो, पहिले बोला कुठून बोलता. रडायचं नंतर." हे सांगून त्यांनी बशीतला चहा संपवला आणि एका मशिनाचा माउस उघडून आतली चाकं टेस्टरच्या टोकानं खरवडायला घेतली.

आता माझी वेबसाइट ऐका. तिच्यावर माझा सूट घातलेला फोटो होता. 'सुस्वागतम' ही अक्षरं उजवीकडून डावीकडं पळायची, दोन कोपऱ्यांत समयांच्या ज्योती फडफडायच्या, खाली किती लोक आले ते मोजणारी पट्टी. वर्षभरात त्या पट्टीवर जे आकडे चढले त्यातले बहुतेक मीच चढवलेले. आणि चाचांचं ते रिकामं पान! गल्लीतून शिकून बाहेर पडलेली पोरं हैदराबादेहून, पुण्याहून, कुणी दुबईहून ते पान उघडायची, तिथला नंबर बघायची आणि चाचांना मेल करायची, 'चाचा, आता इथून.' चाचा तो नंबर वहीत उतरवून घ्यायचे. बायकोला मी म्हणालो, यात आहे काय एवढं? ती म्हणाली, "काही नाही. पण तुमचा जीव कशाला जळतो?"

एकदा तर कंधारकडची एक बाई माझं काचेचं दार ढकलून आत आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, बरोबर मुलगी. म्हटलं, चला, गिऱ्हाईक. "बसा मावशी, एसी आहे." तिनं सहा मशिनांवर नजर फिरवली आणि विचारलं, "ते नंबर दावणारे तुमीच का?" मी म्हटलं, नाही, पण इथं सगळं होतं. "न्हाई, मग ऱ्हाऊ द्या. आमच्या भाच्यानं तिथंच जा म्हणून सांगितलंय." दार उघडंच टाकून गेली. एसीची सगळी हवा बाहेर.

पोरं त्यांच्याकडं का जातात याचं खरं कारण निकालाच्या दिवशी मात्र मला दिसलं, आणि दिसूनही ते मी स्वतःशी कबूल केलं नाही. निकाल माझ्याकडं आणि त्यांच्याकडं एकाच वेळी लागायचा. मी पोराचा परीक्षेचा नंबर टाकायचो आणि मार्क मोठ्यानं वाचायचो, त्याशिवाय रांग हलणार कशी? एका मुलाचे मार्क मी असे सगळ्या रांगेला ऐकवले. तो दार लोटून गेला आणि त्याची चप्पल माझ्या पायरीवर राहिली. चाचा नंबर टाकायचे, मशिनाचा पडदा त्या पोराकडं वळवायचे आणि स्वतः चुन्याच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. पोरगं 'झालं, चाचा' म्हणेपर्यंत वळायचे नाहीत. त्यांची रांग कूर्मगतीनं सरकायची आणि तरी मेसच्या दारापर्यंत जायची.

मग रस्ता खोदला गेला आणि माझी जोडणी तुटली. तीन आठवडे झाले तरी कंपनीचं कुणी दुरुस्तीला येईना. पोरं एकेक करून चाचांकडं सरकली. एका दुपारी गच्चीवर धप असा आवाज आला. वर जाऊन बघतो तर चाचा, मेसच्या गच्चीवरून माझ्या गच्चीवर उतरलेले, खांद्यावर तारेचं वेटोळं.

"माझ्या जोडणीतून घ्या. दोघांना पुरंल."

"तुम्हाला काय द्यायचं?"

"चहा द्या ना."

असली तार नियमात बसत नव्हती. कंपनीला कळलं असतं तर दोन्ही जोडण्या गेल्या असत्या आणि माझा परवानाही. पण केबल टीव्हीच्या तारांच्या जंजाळात आणखी एक तार कोण बघतो? चाचांनी ती इतकी सफाईनं आणली की मलाच शोधावी लागायची. मी आभार मानले. मनात म्हटलं, आता हा माणूस माझ्या छपरावरून माझ्या दुकानात शिरला.

आणि तसंच झालं. संध्याकाळी मी माझ्या मशिनावर त्यांचं पान उघडलं. 'तुम्ही इथून आलात', आणि खाली त्यांचाच नंबर. मी दुसऱ्या मशिनावर उघडलं, तिसऱ्या. तोच. चाचांना विचारलं तर ते खूश होऊन म्हणाले, "तसंच असतंय, इंजिनिअरसाब. बाहेरून बघणाऱ्याला तुमचं न माझं दुकान एकच हाय." ते भाबडेपणानं म्हणाले होते. मला जेवण गेलं नाही. काचेचं दार माझं, एसी माझा, डिप्लोमा माझा, आणि साऱ्या जगाच्या लेखी मी चाचांच्या दुकानातला कुणीतरी. तार काढून टाकावीशी वाटली. पण परीक्षांचा मोसम होता, आणि तार चांगली चालत होती, म्हणून राहू दिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यातला एक शनिवार. एका मोठ्या क्लासच्या संचालकांना आदल्या दिवशी मेल आली होती. दिल्लीच्या कुठल्याशा भूकंप कार्यालयाच्या नावानं. 'रविवारी सकाळी साडेनऊला लातूर परिसरात मोठा धक्का बसेल, इमारती रिकाम्या ठेवाव्यात.' रविवारी साडेनऊला त्यांच्या क्लासची मोठी टेस्ट होती. दुसरीकडं कुणीही ओळखलं असतं की हे एखाद्या अभ्यास न झालेल्या पोराचं काम आहे. पण संचालकांच्या घरची तीन माणसं भूकंपात गेलेली. आमच्याकडं कपबशी वाजली तरी माणसं अंगणात येतात. त्यांनी नोटीस लावली आणि तासाभरात गल्ली हलली. शिरूर अनंतपाळहून, औशाहून जीपगाड्या येऊन पोरांना घेऊन गेल्या. मेसवाल्यानं सिलिंडर उचलून मैदानात नेलं. मीसुद्धा, पुण्यात शिकलेला मी, रविवारी सकाळी बायकोला घेऊन मैदानात सतरंजीवर बसलो होतो. साडेनऊ वाजले. पावणेदहा वाजले. कुणीतरी हसलं. मग सगळ्यांना राग आला.

गल्लीत एकटं दुकान उघडं होतं ते चाचांचं. ते स्टुलावर बसून आईबापांचे फोन घेत होते. "कुठून बोलता? निलंगा? मुलीचं नाव सांगा. हाव, मैदानात हाय, मी बघून आलो." मैदानातल्या बायका त्यांची तारीफ करत होत्या आणि मी सतरंजीचा दोरा उपसत होतो.

बुधवारी पोलिसांची जीप आली. माझं दुकान ओलांडून ती पुढं गेली आणि चाचांच्या दारात थांबली. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. मनात आलं, बरं झालं.

तासाभरानं फौजदार माझ्याकडं जबाब घ्यायला आले. मेल ज्या जोडणीवरून गेली तिचा नंबर निघाला होता आणि ती जोडणी चाचांच्या नावावर होती. वेळ, शुक्रवार, दुपारी एक चाळीस.

"शुक्रवारी दुपारी त्यांचं दुकान चालू असतं का?"

शुक्रवारी साडेबारा ते अडीच चाचांचं शटर खाली असतं, आतली जोडणी मात्र चालूच. जुम्म्याची नमाज. सगळ्या गल्लीला माहीत. म्हणजे ती मेल त्यांच्या दुकानातून गेलेली नव्हती. ती माझ्या सहा मशिनांपैकी एकावरून, गच्चीवरच्या तारेतून गेली होती. शुक्रवारी दुपारी माझं दुकान भरलेलं होतं आणि कोण कुठं बसलं होतं हे मला सांगता येणार नव्हतं, कारण मी वही ठेवत नव्हतो.

"बंद असतं," मी म्हणालो.

"म्हणजे आत ते एकटेच. माणूस कसा आहे?"

इथं मला तारेबद्दल सांगता आलं असतं. एकच वाक्य. त्याऐवजी मी म्हणालो, "माणूस चांगला आहे. पण येणाऱ्या प्रत्येकाचे नंबर गोळा करायची सवय आहे त्यांना. वह्या भरून ठेवल्यात. आणि रविवारी सगळी गल्ली मैदानात होती, ते मात्र निवांत दुकानात बसून होते." यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. फौजदारांनी तो लिहून घेतला आणि मी खाली सही केली.

मशिनं गेली, वह्या गेल्या. चाचांना रोज ठाण्यात बोलवायचे, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, बाकड्यावर. असे आठ दिवस. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं बसवायचे आणि मधूनमधून तेच विचारायचे, नमाजेला होतात तर दुकानाची किल्ली कुणाकडं होती. गल्लीत लोक बोलायला लागले की त्याला धक्का बसणार नाही हे माहीतच होतं, म्हणून तर बसला होता बिनघोर. ज्यांनी रविवारी त्यांना फोन केले होते तेही बोलायला लागले.

बायकोनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "तारेचं सांगितलं का त्यांना?"

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही, पुढ्यात ताट ठेवून आत निघून गेली. चाचा रोज पावणेदहाला डबा घेऊन माझ्या काचेसमोरून जायचे आणि आत बघायचे. ते दिसले की मी टेबलाखाली वाकून एखादी वायर चाचपत राहायचो.

आठव्या दिवशी संचालकांनीच तक्रार मागं घेतली. प्रवेश सुरू झाले होते, आणि लातूरचं नाव भूकंपाबरोबर निघालेलं त्यांना नको होतं. मशिनं परत आली, वह्या आल्या नाहीत. चाचांनी दुकान उघडलं नाही. महिन्याभरात ते नांदेडला मुलीकडं राहायला गेले. जाण्याआधी गच्चीवर येऊन त्यांनी त्यांच्या टोकाची तार सोडवली आणि वेटोळं करून माझ्या गच्चीवर ठेवली. मी खाली होतो. वर गेलो नाही.

त्यांची सगळी पोरं माझ्याकडं आली. नवी जोडणी मिळाली, माझ्या एकट्याच्या नावावर. एका सकाळी दुकान उघडायच्या आधी मी चाचांचं पान उघडलं. ते अजून चालू होतं. 'तुम्ही इथून आलात', आणि खाली नवा नंबर. माझा, फक्त माझा. इतक्या दिवसांत मला जे पाहिजे होतं ते सगळं त्या एका पानावर लिहिलेलं होतं, आणि ते दाखवायला गल्लीत मला कुणीही आठवेना.

नांदेडला मी गेलो तो चार वर्षांनी, साडूच्या घरच्या लग्नाला. पत्ता शोधत चाचांच्या जावयाच्या मोबाइलच्या दुकानात पोचलो. चाचा काउंटरमागं बसून एका फोनची बॅटरी पुसत होते. थकले होते. मला बघून उठले, जावयाला चहा सांगायला पाठवलं. मी घोकून आलो होतो तसं एका दमात सगळं बोललो. मेल माझ्या दुकानातून गेली होती. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. जबाबात मी तुमच्याबद्दल असं असं बोललो.

"मालूम हाय," चाचा म्हणाले. "पहिल्याच दिवशी त्यांनी वाचून दाखवला मला. खाली तुमची सही होती."

"मग तुम्ही तारेचं का नाही सांगितलं? आठ दिवस बसलात!"

त्यांनी बॅटरी फोनमध्ये बसवली, झाकण दाबलं.

"मी सांगितलं असतं तर तुमचं दुकान बंद झालं असतं. तुम्ही आपण होऊन सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित सोडून दिलं असतं. म्हणून थांबलो. रोज वाटायचं, आज इंजिनिअरसाब येतील."

चहा आला. ते बशीत ओतून पिऊ लागले. माझा कप मला उचलता येईना. आठ दिवस मी टेबलाखाली लपत होतो, आणि तेवढे आठही दिवस हा माणूस बाकड्यावर बसून, माझी सही बघितल्यावरसुद्धा, दाराकडं डोळे लावून माझी वाट बघत होता. मला लाज वाटायला पाहिजे होती. ती वाटली, पण नंतर, गाडीत बसल्यावर. तिथं काउंटरसमोर मला फक्त त्यांचा हेवा वाटत होता.